कोंडबंदरचे आठ जण आणि जिनोच्या गावचा क्लब

“पलीकडचा माणूस आमच्या जर्सीत दिसला, तर मी हे गोलपोस्ट उपटून बॅगेत घालीन आणि कोंडबंदरला घेऊन जाईन!” याकूब ओरडत होता.

“तेवीस किलोच्या वर विमानात घेत नाहीत, याकूबभाई,” नझीर म्हणाला.

तो हे इतक्या शांतपणे म्हणाला की याकूबचा आवाज आणखी दोन पट्ट्या वर गेला आणि मैदानामागच्या कुंपणावर बसलेले कावळे उठले. हे सगळं अबकैकला, जानेवारीतल्या शुक्रवारी, सकाळी सात वाजता. मी रेषेबाहेर कागदी पेल्यातला दाट करक चहा धरून उभा होतो. सौदी म्हणजे तापलेला तवा, अशा समजुतीने मी देवरुखहून चार मलमलचे सदरे तेवढे नेले होते. त्या सकाळी माझे दात असे वाजत होते की पंचांची शिट्टी समजून समोरचा संघ दोनदा खेळता खेळता थांबला.

“सर, तुम्ही सांगा याला,” याकूब माझ्याकडे वळला.

“सर, तुम्हीच सांगा यांना,” नझीरही वळला.

दोघेही माझे विद्यार्थी. मी कोंडबंदरच्या हायस्कुलात एकतीस वर्षं खेळाचा मास्तर होतो. खाडीच्या अलीकडे कोंडबंदर, पलीकडे सडेपाट. मधे हाकेच्या अंतराचं पाणी आणि कधी सुरू झालं ते कुणाला माहीत नाही असं वैर. वैराचं कारण विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. एवढंच खरं की सांगणारा अलीकडचा असला तर चोर पलीकडचा असतो. हायस्कूल एकच, ते कोंडबंदरात. सडेपाटची पोरं तरीत बसून यायची आणि मधल्या सुट्टीत आपले डबे वेगळ्या झाडाखाली उघडायची. मी पडलो देवरुखचा, त्यामुळे दोन्ही काठांना माझा सारखाच संशय.

याकूब आता अठ्ठावन्नचा आहे. अबकैकच्या तेलाच्या कारखान्यात पाइप जोडायच्या कामावर त्याची बावीस वर्षं गेली. नझीर त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. अबकैक गावात त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. याकूबचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता, फायनल एक्झिट लागली होती आणि बारा दिवसांनी तो कायमचा घरी निघणार होता. म्हणून त्याने मला बोलावलं होतं. “सर, या आणि आमच्या क्लबाचा इतिहास लिहा. खोटं लिहायची सवय तुम्हाला आहेच, एकदा खरं लिहा,” असं तो फोनवर म्हणाला. शिष्य कितीही म्हातारा झाला तरी गुरूचा असा मान ठेवतोच.

क्लब म्हणजे ‘कोंडबंदर स्पोर्ट्स’. तिथे त्या भागातल्या भारतीय कामगारांची फुटबॉलची एक साखळी स्पर्धा चालते. वरच्या गटांत मल्याळी संघ, ज्यांच्या राखीव खेळाडूंतून आणखी तीन संघ उभे राहतील. आमचा क्लब तळाच्या गटात, तळाहून दुसरा. तळाला जो होता तो दोन वर्षांपूर्वी बंद पडला, पण तक्त्यातून त्याचं नाव कुणी काढलेलं नाही, म्हणून दुसरा. जर्सी मात्र अशी की लांबून कुणीही विचारावं, हे कोण? डावी बाजू गर्द तांबडी, उजवी पिवळीजर्द.

भांडण साधं होतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत निदान चौदा नावांचा फॉर्म भरायचा, नाहीतर क्लब बाद. जाणारा याकूब सोडला तर कोंडबंदरचे अबकैकात आता आठच उरले होते. तरुण पोरं कतारला, कॅनडाला गेली. आठांतल्या एकाचा गुडघा चालताना वाजतो. तो मागून आला तर घोडागाडी आली असं वाटतं. सडेपाटचे नऊ जण होते आणि त्यांच्याकडे क्लब नव्हता. आठ आणि नऊ सतरा, हे सडेपाटच्या बकरीलाही कळलं असतं. पण क्लबाचा नियम पहिला: कोंडबंदरबाहेरचा माणूस घ्यायचा नाही.

“इटलीत त्या जिनोच्या क्लबाने शंभर वर्षं पाळलं,” याकूब छातीवरची जर्सी चिमटीत धरून म्हणाला, “आपल्याला बावीस वर्षं जड झाली?”

नझीरने पेला चुरगाळला. “मंगळवारी मी खफजीला चाललोय, कॉम्प्रेसर पोचवायला. तोवर विचार करा,” असं म्हणून तो गेला.

दुपारी नमाजानंतर याकूबच्या खोलीत जेवायला बसलो. मी घरून सुक्या कोलंबीचे सोडे नेले होते. दम्मामच्या विमानतळावर बॅग उघडली तेव्हा कस्टमचे दोन शिपाई चार पावलं मागे सरकले आणि तिसरा हसत म्हणाला, “सम्मक?” मासा आहे म्हटल्यावर त्याने बॅग स्वतःच्या हाताने बंद करून दिली. त्या सोड्यांचा भात याकूबने केला. खोलीतल्या भिंती मोकळ्या होत्या, गाद्या गुंडाळलेल्या, एक मोठी बॅग अर्धी भरलेली. जेवता जेवता त्याने मला जिनोच्या क्लबाचा इतिहास सांगितला. मी तो जसाच्या तसा देतो. वाढवलं असेल तर फार तर निम्मं.

इटलीत एका रुंद, गढूळ नदीच्या काठी एक गाव आहे. त्याचं नाव जिनोच्या तोंडून ऐकलं की माणूस गरम भजं जिभेवर फिरवतोय असं वाटतं, त्यामुळे ते मी लिहीत नाही. गावात विटांच्या भट्ट्या. शंभरेक वर्षांपूर्वी भट्टीवरच्या कामगारांनी क्लब काढला. त्यांचा गोलरक्षक पाववाला होता. चेंडू अडवला की त्यावर पिठाचे दहा ठसे उमटायचे. इटलीत फुटबॉलच्या पायऱ्या आहेत, आणि हा क्लब कायम चौथ्या-पाचव्या पायरीवर. त्याच्या खाली फक्त शाळेचं स्नेहसंमेलन. एकदा नदीला पूर आला आणि गोलपोस्ट वाहत पलीकडच्या गावाला लागले. पलीकडच्यांनी ते अकरा वर्षं परत केले नाहीत. देवाने दिले म्हणाले. तेव्हापासून पलीकडचा माणूस संघात तर नाहीच, मैदानात शेंगदाणे विकायलाही उभा राहिला नाही. पुढे जिनो वेल्डिंग तपासायला अबकैकला आला आणि वाळूत अनवाणी खेळणाऱ्या कोंडबंदरच्या पोरांना त्याने एक पोतं दिलं. पोत्यात त्या क्लबाच्या जुन्या जर्सी. त्या दिवशी याकूबने क्लब काढला आणि नियम पहिला लिहिला.

“सर,” भात संपवून याकूब म्हणाला, “निघायच्या बुधवारी खोली परत देणार. इकामा परत देणार. गाडी तर विकलीच. बावीस वर्षं इथे राहिलो आणि इथे माझं म्हणून हे एकच आहे. ते माझ्यामागे राहायला पाहिजे. पण राहायचं तर आमचंच राहायला पाहिजे, नाहीतर काय उपयोग?”

मी ताटातला शेवटचा सोडा उचलला. “जिनो आता कुठे आहे?” मी विचारलं.

“खफजीला.”

“मग इतिहासावर त्याची सही घेऊ.”

याकूबचा चेहरा उजळला. मग खफजीला नेणारी गाडी कुणाची आहे ते त्याला आठवलं आणि चेहरा परत पडला.

*खफजीच्या रस्त्यावर*

मंगळवारी सकाळी नझीरच्या गाडीत मी पुढे, याकूब जर्सी घालून मागच्या बाकावर आणि त्याच्या मागे हौद्यात दोरीने बांधलेला कॉम्प्रेसर. चौघांत सगळ्यांत मोकळेपणी बोलत होता तो कॉम्प्रेसरच. दर खड्ड्याला काहीतरी म्हणायचा.

“सर, त्याला सांगा काच वर घे,” मागून याकूब.

“सर, त्यांना सांगा काच बिघडलीये,” नझीर.

“त्याला विचारा, दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करतो, स्वतःची काच येत नाही?”

“त्यांना सांगा, काच एसीत येत नाही.”

साडेतीन-चार तासांचा रस्ता मी असा टपालखात्यासारखा काढला. रस्ता सरळ. कोकणात शंभर पावलं गेलं की वळण येतं आणि वळणामागे काय असेल म्हणून माणूस जागा राहतो. इथे पुढच्या आठवड्यात दिसायचा विजेचा खांब आजच दिसत होता. कडेने तेलाच्या नळांच्या रांगा. दूर ज्वाळा जळताना दिसत होत्या, भर दिवसा दिवाळी असल्यासारख्या. याकूबला प्रत्येक नळ ओळखीचा. “हा जोड माझा,” असं तो अधूनमधून म्हणायचा. चाळीस जोड तरी त्याने ओळखले असतील. दोन-तीन खरे असावेत.

नैरियाच्या फाट्याजवळ रस्त्याकडेला उघड्या गाड्यांच्या मागच्या फळीवर बटाट्यांचे ढीग मांडलेले दिसले. जवळ गेलो तर बटाटे नव्हते, ‘फगा’ होता. हिवाळ्यात पाऊस शिंपडला आणि विजा चमकल्या की वाळूखाली कंदासारखा एक गोळा धरतो. इकडचे लोक तो शोधायला सहकुटुंब निघतात. आपल्याकडे अळंबी शोधायला माणसं रानात जातात आणि जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत, तसंच. मी विकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, हा कुठे मिळाला? त्याने चारही दिशांना हात फिरवला. गाव कुठलंही असो, म्हातारे सारखेच.

पुढे तपासणी नाका लागला आणि मला कळलं की माझा पासपोर्ट याकूबच्या खोलीत, उशीखाली सुखरूप आहे. पोलिसाने हात पुढे केला. मी फोनमधला पासपोर्टचा फोटो दाखवायला गेलो, तर फोनची बॅटरी संपलेली. याकूब मागून वाकून अरबीत काहीतरी बोलला. पोलिसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नझीरकडे बोट केलं, याकूबकडे बोट केलं आणि एक प्रश्न विचारला.

“काय म्हणतो?” मी विचारलं.

“विचारतो, तुम्ही आम्हा दोघांचे मास्तर होतात, तर मारत होतात का,” याकूब म्हणाला.

“मग?”

“मी म्हटलं, होय. तो म्हणतो, त्याचेही मारायचे.”

तोवर नझीरने कुठूनशी वायर काढली, फोन जागा झाला आणि फोटो दिसला. पोलिसाने खिडकीतून मूठभर खजूर दिला. मी आयुष्यात छडीचा इतका चांगला मोबदला पाहिलेला नाही.

*खफजी*

खफजी म्हणजे नकाशावर जिथे सौदी संपतो आणि कुवेत सुरू होतो तिथलं, समुद्राला पाठ टेकून बसलेलं गाव. हवेत मीठ आणि थोडं डिझेल. रत्नागिरीच्या जेटीवर उभं राहून डोळे मिटले तर फरक कळणार नाही. नझीर आम्हाला मासळीच्या एका खानावळीपाशी उतरवून कॉम्प्रेसर पोचवायला गेला. “दोन तासांनी येतो,” त्याने मला सांगितलं. म्हणजे आम्हाला दोघांना.

जिनो आत बसलेला होता. पासष्टीचा, पांढरी शेंडी राहावी तेवढे केस, मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग. याकूबला पाहून तो उठला आणि दोघांनी एकमेकांना असं कवळलं की मधल्या मिठाच्या डबीने प्राण सोडला. त्यांची भाषा कारखान्यातली हिंदी. तिला व्याकरण नाही, पण तिच्यात मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्यात.

निखाऱ्यावर भाजलेला हमूर आला, खाली थाळाभर भात. याकूबने एक घास घेतला आणि निकाल दिला: “मासा चांगला, पण याला कोकम भेटलं नाही.” मी वही काढली आणि याकूबने सांगितलेला इतिहास वाचून दाखवायला लागलो. भट्ट्या, पाववाला, पूर, गोलपोस्ट. जिनो हसत मान हलवत होता. “अकरा नहीं, दो साल,” एवढी एकच दुरुस्ती त्याने केली, आणि ती मी स्वीकारली नाही.

“और आज तक,” मी शेवटचं वाक्य वाचलं, “उस पार का एक भी आदमी नहीं.”

जिनो हसायचा थांबला. त्याने हात पुसले. मग पुढे वाकून याकूबच्या जर्सीच्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं. तांबडा. “ये हम.” मग उजव्या बाजूवर. पिवळा. “ये वो.”

याकूबने मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं.

पुढचं जिनोने थांबत थांबत सांगितलं. तो बावीसचा होता तेव्हा भट्ट्या बंद पडल्या, पोरं शहरांत गेली, दोन्ही काठांना अकरा-अकरा खेळाडू मिळेनात. तेव्हा दोन्ही क्लब एक झाले. अर्धी जर्सी यांची, अर्धी त्यांची. जिनो विरोधात होता. सभेत खुर्ची फेकली, मैदानात पाऊल ठेवणार नाही म्हणाला आणि ठेवलं नाही. त्याचा थोरला भाऊ मात्र क्लबात राहिला. सामान सांभाळायचा, जर्सी धुवायचा. जर्सी जुन्या झाल्या की पोतं भरून तो जिनोला पाठवायचा, मुद्दाम. “हम पहनेगा नहीं,” जिनो म्हणाला, “फेंकेगा भी नहीं. तुम लोग दिखा, तुमको दिया.”

“बावीस साल पहले क्यों नहीं बोला?” याकूबने विचारलं. आवाज एवढा खाली गेला होता की वेटरही वळून बघायला लागला.

“तुम पूछा, क्लब शुरू कैसे हुआ. हम शुरू बोला.”

 मग जिनो आपणहून बोलला. चार वर्षांपूर्वी भाऊ गेला. जिनो मातीला गेला. शवपेटीवर तीच जर्सी पसरलेली होती. खांदा देणारे सहा जण. त्याला वाटलं होतं, आपण सहज ओळखू, यात आपला कोण आणि पलीकडचा कोण.

“पहचाना?” मी विचारलं.

“नहीं,” जिनो म्हणाला. “वो लोग मेरे को पहचाना नहीं. पूछा, आप किधर का?”

याकूब माशाचे काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावत होता. सगळे लावून झाल्यावर त्याने विचारलं, “अब किधर है क्लब?”

“पाँच नंबर पर,” जिनो म्हणाला. “लोग बोलता है, इस साल अच्छा है. हम देखा नहीं.”

मी वही जिनोपुढे सरकवली. त्याने सही केली नाही. म्हणाला, बाकीचं लिहून आण, मग करतो. बाहेर नझीरने हॉर्न वाजवला. निघताना जिनोने हमूरचं डोकं कागदात बांधून याकूबला दिलं. याकूबला डोकं आवडतं हे बावीस वर्षांनीही त्याच्या लक्षात होतं.

परतीच्या वाटेवर मला टपाल पोचवायला मिळालं नाही. याकूबने वाटेतला एकही जोड ओळखला नाही. नझीरने दोनदा आरशातून मागे पाहिलं आणि मला खुणेने विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. आयुष्यात एवढी मोठी गोष्ट माझ्या हाताशी होती आणि मी ती सांगितली नाही. ज्याची होती तो मागे बसला होता.

*परत अबकैक*

बुधवार गेला. याकूबने बॅग भरली, सोडली, परत भरली. गुरुवारी मी त्याला वहीतला मजकूर दाखवला. त्याने न वाचता परत दिला. दुपारी असरच्या नमाजानंतर त्याने जर्सीला इस्त्री केली, अंगात घातली, वर कोट चढवला आणि “येतो” म्हणून चालत बाहेर पडला. नझीरचं दुकान चालत वीस मिनिटांवर. मी मागोमाग जाणार होतो, पण मास्तराने कुठे जायचं नाही हे एकतीस वर्षांत थोडंफार शिकलो होतो.

तासाभराने तो परत आला. चहा ठेवला. “झालं?” मी विचारलं. “झालं,” तो म्हणाला आणि साखर किती म्हणून विचारलं.

शुक्रवारी सकाळी फॉर्म गेला. सतरा नावं. मी यादी पाहिली आणि माझी एकतीस वर्षांची हजेरी वाचतोय असं वाटलं. अलीकडचा एक, पलीकडचा एक, अलीकडचे दोन. नाव ‘कोंडबंदर सडेपाट स्पोर्ट्स’. त्या दिवशीचा सामना आम्ही चार-शून्य हरलो. मी घरी तो दोन-एक सांगितलाय. तुम्हीही तसाच सांगा. याकूब रेषेबाहेर उभा राहून दोन्ही गावांच्या खेळाडूंना सारख्याच शिव्या देत होता, आणि सडेपाटच्या पोरांना त्या नव्या होत्या, म्हणून ती मन लावून ऐकत होती.

पुढच्या बुधवारी नझीरनेच आम्हाला दम्मामला सोडलं. मीही त्याच विमानाने निघालो होतो. याकूब बोटांचे ठसे द्यायच्या रांगेत उभा राहिला, पुढच्याच्या पाठीला लागून, इतर दहा जणांसारखाच एक जण. मी नझीरला बाजूला घेतलं. गुरुवारचं मला छळत होतं. माझ्या डोक्यात तो प्रसंग तयार होता: याकूब दुकानाच्या उंबऱ्यावर, डोळ्यांत पाणी, कोटाची बटणं उघडून जर्सी दाखवतोय, नझीर हातातला पाना टाकून धावत येतो, शेजारचा न्हावीसुद्धा रडतो.

“खरं सांग,” मी म्हटलं, “त्या दिवशी दुकानात आला तेव्हा काय म्हणाला?”

नझीरने रांगेकडे पाहिलं.

“काही नाही, सर. म्हणाला, फॉर्म आहे का? मी म्हटलं, आहे. तसाही आमच्या नऊ जणांत लेफ्ट बॅक नव्हताच.”